चित्रांचं पुढे काय होतं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आदरणीय गुरुजन, आणि केस पिकले तरी अजून एकमेकांना आडनावानेच हाका मारणाऱ्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

समितीने मला २० मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘थोर चित्रकारांच्या गमतीजमती’. जेवणाआधीचं भाषण आहे, हलकंफुलकं ठेव, असंही बजावलंय. प्रयत्न करते. पण मी चित्रकार नाही, हे आधीच सांगून टाकते. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला ‘सी’ ग्रेड मिळाली आणि माझी चित्रकला तिथेच थांबली. पुढे रसायनशास्त्र घेतलं आणि ठाण्याच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, ३१ वर्षं नोकरी केली.

तिथे माझं काम होतं रंगाचा छळ करणं. पत्र्याच्या तुकड्यांवर रंग लावायचा, अर्धा भाग झाकायचा, आणि ते तुकडे गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून तिरपे मांडायचे. दोन-दोन पावसाळे खाऊ द्यायचे. मग झाकलेला आणि उघडा भाग शेजारी शेजारी धरून बघायचं, किती उडाला. त्यामुळे माझी नजर बिघडलीय. संग्रहालयात लोक चित्रातल्या बाईचे डोळे बघतात, मी तिच्या पदराचा कुठला रंग उडालाय ते बघते. थोर चित्रकारांच्या ज्या गमती मला ठाऊक आहेत त्या सगळ्या या जातीच्या आहेत. चित्र काढून झालं, सही झाली. त्यानंतर त्याचं काय झालं?

व्हॅन गॉगपासून सुरुवात करू, कारण तो सगळ्यांना माहीत असतो. कान कापला तो. त्याचं ‘झोपण्याची खोली’ नावाचं चित्र कॅलेंडरवर कितीदा तरी पाहिलं असेल. पिवळी खाट, दोन खुर्च्या, निळ्या भिंती. १८८८ सालचं, फ्रान्समधल्या आर्ल गावातलं. आता गंमत अशी, की त्या भिंती त्याने निळ्या रंगवल्याच नव्हत्या. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वच्छ लिहिलंय की भिंती फिक्या जांभळ्या आहेत. जांभळा म्हणजे निळ्यात तांबडा. त्यातला तांबडा उन्हाने खाल्ला आणि निळा मागे राहिला. त्याने १८९० साली काढलेले गुलाब आज जवळजवळ पांढरे दिसतात. ते गुलाबी होते. त्यासाठी वापरलेला रंग इओसिन नावाच्या द्रव्यापासून केलेला होता. हे इओसिन म्हणजे परकं काही नाही, आपल्या लहानपणीच्या लाल शाईत तेच असायचं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बिचाऱ्याला माहीत नव्हतं, असंही नाही. नव्या फॅशनचे रंग टिकत नाहीत, म्हणून ते मुद्दाम भडक लावावेत, काळ त्यांना आपोआप मऊ करेल, अशा अर्थाचं त्याने भावाला लिहिलेलं आहे. म्हणजे माझ्या गच्चीवरचा हिशोब त्याने मनातल्या मनात केला होता. फक्त काळाने त्याच्या अंदाजापेक्षा जास्त मेहनत घेतली.

इंग्लंडमधला टर्नर याहून बेफिकीर. त्याला विन्सर अँड न्यूटन या दुकानाच्या विन्सरने टोकलं, की साहेब, तुम्ही नेताय ते रंग उडणारे आहेत. त्यावर टर्नरने, तुम्ही रंग बनवा, ते वापरायचं माझ्यावर सोडा, असं सुनावलं म्हणतात. गोष्ट खरी की रचलेली, देव जाणे. पण मी दुकानाच्या बाजूची असल्यामुळे मला ती फार पटते. गिऱ्हाईक असंच असतं.

आता थोडं निळ्याबद्दल, कारण तो माझा लाडका रंग. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा व्हर्मीर हा चित्रकार. आयुष्यात काढलेली त्याची चित्रं आज जेमतेम ३५-३६ सापडतात. मोत्याचा डूल घातलेली, निळं फडकं बांधलेली मुलगी त्याचीच. त्याचा निळा हा लाजवर्द नावाच्या दगडाचा. हा दगड यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. समुद्रापलीकडून येतो म्हणून युरोपात त्याचं नावच पडलं अल्ट्रामरीन. महाग म्हणजे किती, तर चित्र करवून घेणारा शेठ करारातच लिहून घ्यायचा, की कोणत्या प्रतीचा निळा कुठे वापरणार. दुसरे चित्रकार तो मातेच्या वस्त्रापुरता, वरून पातळसा लावत. हा पठ्ठ्या सावलीतसुद्धा वापरायचा, खालच्या थरातसुद्धा, जिथे तो कोणाला दिसणार नाही अशा जागी. १६७५ साली वारला तेव्हा घरात अकरा मुलं आणि डोक्यावर कर्ज. पाववाल्याची उधारी सहाशे गिल्डरच्या वर गेली होती. बायकोने त्या बदल्यात नवऱ्याची दोन चित्रं पाववाल्याकडे ठेवली. आज तसलं एक चित्र विकलं तर आख्खं डेल्फ्ट पाव खाईल.

मग १८२४ साली फ्रान्समध्ये एका संस्थेने बक्षीस लावलं, ६,००० फ्रँकचं: हाच निळा स्वस्तात कारखान्यात करून दाखवा. ते मिळालं गिमे नावाच्या माणसाला. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून त्याने तोच रंग काढला. आणि तोच रंग पुढे पुडीत भरून तुमच्या-माझ्या घरी आला. नीळ! आई शेवटच्या पाण्यात कालवायची ती पुडीतली नीळ म्हणजे हाच कारखान्यातला अल्ट्रामरीन. व्हर्मीरला ज्याने कर्जात घातलं, त्यात आपण शाळेचे पांढरे शर्ट बुडवत होतो.

आता भिंतींकडे येते. खरं म्हणजे मला तिथेच यायचं होतं.

बाई समोर बसल्या आहेत, म्हणून त्यांच्या साक्षीने सांगते. आठवीत बाईंनी आपल्याला चुन्याच्या निवळीचा प्रयोग दाखवला होता. परीक्षानळीत निवळी, तीत नळीने फुंकायचं, की निवळी दुधाळ होते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याला मिळतो आणि न विरघळणारा खडू तयार होतो. आपल्यातल्या काहींनी फुंकण्याऐवजी ओढून पाहिलं होतं, त्यांची नावं घेत नाही. तर युरोपातलं सगळं जगप्रसिद्ध भित्तिचित्रण त्या परीक्षानळीवर उभं आहे. भिंतीला चुन्याचा ओला गिलावा करायचा आणि तो ओला असतानाच, नुसत्या पाण्यात कालवलेला रंग त्यावर लावायचा. डिंक नाही, तेल नाही. गिलावा वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि दगड होतो, रंगाचे कण त्या दगडात अडकतात. यालाच फ्रेस्को म्हणतात. चित्र भिंतीवर नसतं, भिंतीत असतं.

पण यात एक मेख आहे. गिलावा ओला असेपर्यंतच काम. म्हणून दिवसात उरकेल तेवढाच तुकडा सकाळी लिंपायचा. इटालियन लोक त्या तुकड्याला ‘जोर्नाता’ म्हणत, आपल्या गवंड्याच्या ‘रोजा’सारखं. चुकलं तर खोडायचं कशाने? गिलावा खरवडून काढायचा, उद्या परत. बारकाईने पाहिलं तर अशा चित्रांत रोजारोजाचे सांधे दिसतात, आणि चित्रकाराने कुठे किती दिवस घालवले ते मोजता येतं.

मायकेलअँजेलोला हे काम येत नव्हतं. तो मूर्तिकार. पोपने त्याला रोममधल्या सिस्टीन चॅपेलच्या छताला जुंपलं, १५०८ साली. सिनेमात तो पाठीवर पडून रंगवताना दाखवतात. ते साफ खोटं. त्याने मचाणावर उभं राहून, मान मागे टाकून, हात वर करून चार वर्षं काम केलं. त्या हालांवर त्याने एक विनोदी कविता लिहिली आणि समासात स्वतःचं चित्र काढलं, त्यातही तो उभाच आहे. सुरुवातीलाच काम बिघडलं. प्रलयाच्या चित्राला बुरशी धरली. हा गेला पोपकडे, की मी आधीच सांगितलं होतं, ही माझी कला नव्हे. पोपने जाणता माणूस पाठवला. त्याने सांगितलं, बाबा, चुना फार पातळ कालवतोयस. म्हणजे जगातलं सर्वांत थोर छत हे शिकाऊ गवंड्याच्या अडचणीतून सुरू झालं. मला या गोष्टीने फार धीर येतो.

लिओनार्दोचं उलट. त्याला सगळं येत होतं, पण घाई येत नव्हती. मिलानमधल्या मठात, भोजनगृहाच्या भिंतीवर त्याने ‘शेवटचं भोजन’ काढायला घेतलं, साधारण १४९५ साली. त्याला काम करताना पाहिलेल्या एकाने लिहून ठेवलंय, की कधी तो सकाळपासून अंधार पडेपर्यंत जेवणखाण विसरून रंगवायचा, कधी दिवस दिवस नुसता हाताची घडी घालून बघत उभा राहायचा, आणि कधी भर दुपारी येऊन दोन फटकारे मारून निघून जायचा. असल्या माणसाला ओला गिलावा कसा परवडणार? म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर अस्तर चढवून, लाकडी फळीवर काढावं तसं अंड्याच्या आणि तेलाच्या रंगात चित्र काढलं. हवा तेवढा वेळ मिळाला, हव्या तेवढ्या बारीक छटा मिळाल्या. पण भिंत ओलीची. रंग भिंतीवर होता, भिंतीत नव्हता. तो जिवंत असतानाच पोपडे सुटायला लागले. तो वारल्यावर चाळीसेक वर्षांत व्हसारीने पाहिलं, तर त्याला नुसते डागच डाग दिसले.

इथपर्यंत चित्रकाराच्या हातातलं. यापुढे दुसऱ्यांचे हात सुरू होतात. मला जास्त बोलायचंय ते त्यांच्याबद्दल.

१६५२ साली मठातल्या मंडळींना स्वयंपाकघराकडे जायला दार मोठं हवं होतं. त्यांनी ते चित्रातूनच काढलं. येशूचे पाय गेले. पुढे १७२६ साली एकाने सगळं चित्र तेलरंगाने ‘दुरुस्त’ करून वर वार्निश दिलं. १७७० साली दुसरा आला, त्याने पहिल्याचं खरवडलं आणि स्वतःचं भरलं. तीन चेहरे राहिले असताना लोक संतापले आणि त्याला थांबवलं. नेपोलियनच्या सैन्याने तिथे घोडे बांधले. १९४३ साली बॉम्ब पडून भोजनगृह कोसळलं. वाळूच्या पोत्यांच्या आड ती भिंत तेवढी उभी राहिली. आणि मग १९७८ च्या सुमाराला पिनिन ब्रांबिल्ला बार्चिलॉन या बाई सूक्ष्मदर्शक घेऊन त्या भिंतीसमोर बसल्या, त्या १९९९ पर्यंत. वीस वर्षं! कशासाठी, तर आधीच्या मदतनीसांनी लावलेला रंग कणाकणाने काढायला. खाली लिओनार्दोचं जेवढं उरलं होतं तेवढंच ठेवलं. जिथे काहीच उरलं नव्हतं, तिथे फिका जलरंग दिला, तो अशासाठी की बघणाऱ्याला कळावं, इथे मूळ नाही. नवं चित्र भरून देणं त्यांना काय अवघड होतं? नाही भरलं.

ॲमस्टरडॅममधल्या रेम्ब्रांटच्या ‘रात्रीचा पहारा’ची कथा तुम्हाला आवडेल, कारण तो पहारा रात्रीचा नाहीच. १६४२ सालचं हे चित्र, नगररक्षकांची तुकडी दिवसाउजेडी बाहेर पडतेय. वरची वार्निश काळवंडत काळवंडत इतकी काळी झाली, की दीडशे वर्षांनी लोकांनी त्याला रात्रीचं नाव ठेवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते साफ केलं, उजेड पडला, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्याआधी १७१५ साली ते नगरभवनात हलवलं, तर दोन दारांमधल्या भिंतीवर मावेना. मग? कापलं. चारही बाजूंनी. ते तुकडे आजतागायत सापडलेले नाहीत. मूळ चित्र कसं होतं हे आपल्याला कळतं, ते कापण्यापूर्वी कुणीतरी त्याची एक छोटी नक्कल करून ठेवली होती म्हणून.

आणि आपलं अजिंठा. तिथे फ्रेस्को नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. गाइडसुद्धा बिनदिक्कत फ्रेस्को म्हणतात. तिथे खडकावर मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचं तूस आणि गवताचे धागे, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर सरसात-डिंकात कालवलेले रंग. तांबडा आणि पिवळा मातीचा, काळा काजळीचा, हिरवा दगडाचा. आणि निळा? तोच, बदख्शानचा लाजवर्द. पाचव्या शतकात तो अफगाणिस्तानातून वाघूर नदीच्या काठी आला, व्हर्मीरच्या आधी बाराशे वर्षं.

१८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल तिथे राहून वर्षानुवर्षं मोठमोठ्या नकला करत होता. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागून जवळजवळ सगळ्या गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन गेले, १८७२ पासून. त्यांत पेस्तनजी बोमनजी होते. तेरा वर्षं खपून केलेल्या त्या नकलांतल्या बऱ्याचशा १८८५ साली लंडनमध्येच दुसऱ्या आगीत जळाल्या. ऐकून हसू येतं आणि मग येत नाही. पण रसायनवाली म्हणून मला आगीपेक्षा दुसरंच जास्त सलतं. नक्कल नीट दिसावी म्हणून त्यांनी भिंतीवरच्या मूळ चित्रांना वार्निश लावलं. ओलं वार्निश लावलं की रंग कसा उठून दिसतो, ते नदीतल्या ओल्या गोट्यासारखं! पुढे १९२० च्या सुमाराला निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ आणले. त्यांनी निघू पाहणारे पोपडे चिकटवले, ते मोठं काम झालं, पण त्यांनीही वरून लाखेचा हात दिला. लाख आणि वार्निश पिवळं पडतं, मग तपकिरी होतं. खालचा निळा हिरवा दिसतो, पांढरा मळका. आपण सहलीला गेलो होतो तेव्हा जो पिवळट अंधार पाहिला, त्यातला बराचसा पाचव्या शतकातला नव्हता.

बरं, काढून टाकणंही सरळ नसतं. सिस्टीनच्या छतावरची मेणबत्त्यांची काजळी आणि जुना सरस १९८० ते १९८९ या काळात धुऊन काढला. खालून पोपटी, नारिंगी, जांभळा असे झगझगीत रंग निघाले आणि अर्धं जग ओरडलं, की हा आमचा मायकेलअँजेलो नव्हे. काही जाणकारांचं म्हणणं होतं, की त्याने शेवटी कोरड्यावर दिलेले हात काजळीबरोबर धुतले गेले. तो वाद पुरता मिटलेला नाही. धुतलं ते परत लावता येत नाही. रंगाच्या धंद्यात एवढं एक मी नक्की शिकले: लावलेलं कदाचित काढता येईल, काढलेलं येत नाही.

स्पेनमधल्या बोर्हा गावची २०१२ सालची बातमी तुम्ही मोबाइलवर पाहिली असेल. देवळातल्या भिंतीवरचा येशू पोपडे धरून गेला होता, म्हणून गावातल्या एका ऐंशी उलटलेल्या आजीबाईंनी प्रेमाने तो रंगवायला घेतला. झालं माकड. सगळं जग हसलं. मी नाही हसले. त्या बाईंचं मन मला कळतं, आणि त्या मनाचीच मला भीती वाटते. कारण ते मन आपल्याकडेही आहे.

आता सभागृहाच्या त्या भिंतीकडे बघा. हो, मागे वळून बघा.

हे चित्र सरांनी १९७८ च्या उन्हाळ्यात काढलं, आपण आठवीतून नववीत जात होतो तेव्हा. आदल्या डिसेंबरात त्यांनी आपल्याला अजिंठ्याला नेलं होतं, आणि तिथून आल्यापासून त्यांच्या डोक्यात भिंत होती. पैसे नव्हते. म्हणून ट्यूबचे रंग नाहीत. सुट्टीत आम्ही पाच-सहा जण रंग कालवायला यायचो. काव आणि पिवडी बाजारातल्या भुसारी दुकानातून, काळा कंदिलाच्या काचेवरचा, पांढरा चुना, डिंक बाभळीचा, भिजत घातलेला. निळ्यासाठी नीळ, आठ पुड्या, मी स्वतः खलात घोटलेल्या. चुन्याच्या भिंतीवर दुसरे कित्येक निळे मरतात, नीळ टिकते. सरांना हे रसायन माहीत होतं की नुसती सफेतीत नीळ घालायची सवय कामाला आली, ते कळायला आता मार्ग नाही. पण नदीचं पाणी बघा, ४० वर्षांहून जास्त झाली, अजून निळं आहे.

आणि बांगड्यांच्या दुकानापुढे उभ्या दोन वेण्यांच्या मुली बघा. त्यांच्या रिबिनी पांढऱ्या दिसतात. तुम्हाला आठवत असेल, आपल्या गणवेशाला पांढऱ्या रिबिनी कधीच नव्हत्या. त्या दिवशी तांबडा संपला होता, तर सर शिक्षकखोलीत गेले आणि पेपर तपासायच्या लाल शाईची बाटली घेऊन आले. इओसिन! व्हॅन गॉगचे गुलाब ज्याने गेले, त्यानेच आपल्या रिबिनी गेल्या.

समितीचा प्रस्ताव मी वाचला आहे. जमलेल्या निधीतून पेंटर बोलावून चित्र ऑइलपेंटने नव्यासारखं करून घ्यायचं, रिबिनींसकट, आणि वरून चकचकीत वार्निश. हेतू चांगला आहे, सरांवरच्या प्रेमाचा आहे. पण तो तसा मंजूर करू नका, ही माझी हात जोडून विनंती.

काल दुपारी मी टॉर्च घेऊन तासभर त्या भिंतीपाशी होते. बाजूने उजेड टाकला की सगळं दिसतं. वरचे दोन भाग ठणठणीत आहेत. खालच्या दीड-दोन फुटांत लोणा फुटलाय, पांढरा क्षार वर येतोय आणि रंगाला ढकलतोय. कारण चित्रात नाही, बाहेर आहे. मागची पन्हळ तुटलेली आहे आणि पावसाचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी पडतं. त्यात मागच्या बाजूला सिमेंटचा गिलावा केलाय, त्यामुळे भिंतीत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला एकच वाट उरली: आतून, चित्रातून. त्यावर तुम्ही ऑइलपेंटचा थर दिलात तर तीही वाट बंद. दोन पावसाळ्यांत तो थर फुगेल आणि सुटताना सरांचा रंग पाठीला घेऊन येईल. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, असे फुगे मी नोकरीत शेकड्यांनी मोजलेत.

आणखी एक. हे डिंकाचे रंग आहेत, पाण्याने सुटतात. उजवीकडच्या बैलाची पाठ बघा, एक पट्टा गेलाय. कुणीतरी दिवाळीच्या साफसफाईत ओलं फडकं फिरवलंय. तेव्हा फडकं नको, ब्रश नको, खडूच्या धुळीवर फुंकरही नको.

काल रात्री एका मित्राने मला विचारलं, की हे काय अजिंठा आहे का? सर स्वतः असते तर त्यांनीच ब्रश घेऊन परत रंगवलं असतं. बरोबर आहे, रंगवलं असतं, त्यांचं चित्र होतं. आणि अजिंठा नाही, हेही बरोबर. बैलाचे पाय चुकलेत, आमच्या शिपाईमामांचा चेहरा तीन माणसांना दिलाय. पण ती रेघ सरांच्या हाताची आहे. वहीवर आपली चूक न खोडता शेजारी बरोबर रेघ काढून दाखवणारा तो हात. पेंटरने वरून गिरवलं की ती गेली, मग खाली आहे असं म्हणून उपयोग नाही.

निधी आहे तर आधी पन्हळ बदला, हा पावसाळा यायच्या आत. मागचा सिमेंटचा गिलावा खालून तीन-चार फूट काढून चुन्याचा करून घ्या. चुन्याचं काम जाणणारे गवंडी अजून आहेत. भिंत वर्षभर वाळू द्या. दरम्यान चित्राचे नीट फोटो काढून ठेवा, समोरून आणि बाजूच्या उजेडात. लोणा काढणं आणि पोपडे बसवणं हे जाणकाराचं काम आहे. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चित्रं-वस्तू जतन करणारा विभाग आहे, तिथे आधी विचारू. पैसे पुरले नाहीत तर तेवढं पुढच्या वर्षी. चित्र थांबेल, पाणी अडवलं तर.

आणि एक काम फुकटचं आहे. व्हॅन गॉगच्या भिंती जांभळ्या होत्या हे आपल्याला कळतं, कारण त्याने भावाला तसं लिहिलं होतं. इथे लिहिलेलं काहीच नाही. तेव्हा रंग कालवणारे आम्ही सहा जण होतो, त्यातले चौघे उरलोय. स्मरणिकेत शेवटची दोन पानं संपादकांनी यासाठी राखून ठेवायचं कबूल केलंय. कोणता रंग कुठे होता, कुठला माणूस कुणावरून काढलाय, ज्याला जे आठवतं ते लिहून द्या. जुने फोटो असतील तर द्या, कृष्णधवल चालतील.

माझी साक्ष मी आत्ताच देते. रिबिनी लाल होत्या, गडद लाल. दुसऱ्या रांगेतल्या दोघी मघापासून मान हलवताहेत आणि ‘गुलाबी, गुलाबी’ म्हणताहेत. त्यांनीही लिहून द्यावं, नाव आणि तुकडीसकट.